एक तास स्वतःच्या अंगासाठी

आपल्या चळवळीत बाईच्या शरीराविषयी पुष्कळ बोलणे झाले. बलात्काराच्या कायद्याविषयी झाले, गर्भलिंगनिदानाविषयी झाले, इंजेक्शनाने द्यायच्या गर्भनिरोधकांविषयी झाले. ते बोलणे गरजेचे होते आणि आजही आहे. पण हे शरीर रोज उठते कसे, वाकते कसे, दमते कसे, श्वास घेते की नाही, याविषयी आपण त्या मानाने कमी बोललो. तो विषय एकतर डॉक्टरांकडे गेला, नाहीतर योगाच्या गुरूंकडे, नाहीतर शहरातल्या जिमवाल्यांकडे. आता तो महाविद्यालयाच्या वेळापत्रकात आला आहे. म्हणून हा लेख.

महाराष्ट्रात नवे शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांना २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षापासून लागू झाले. पदवीच्या पहिल्या वर्षाला मुख्य विषयांबरोबर काही सहअभ्यासक्रम आले. आरोग्य, योग, क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, कला असे पर्याय त्यात आहेत आणि त्यांना श्रेयांक आहेत. दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिक म्हणजे साधारण ६० तास. आपल्या खेड्यातल्या मुलीला, कागदावर का होईना, स्वतःच्या शरीरासाठी ६० तास मिळाले आहेत. घरी तिला असा एक तास कोणी देत नाही.

हे ६० तास कसे जातात, कोण शिकवते, काय शिकवते, कोणासाठी शिकवते, याकडे स्त्री-संघटनांनी लक्ष दिले पाहिजे असे माझे म्हणणे आहे. आपल्यातल्या अनेकजणी म्हणतील, हा सरकारी सोहळ्याचा विषय, यात धर्माचे राजकारण आहे, आपण कशाला पडायचे? संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा योगदिन ठरवला, २०१५ पासून तो साजरा होऊ लागला, आणि तेव्हापासून सतरंज्या अंथरून फोटो काढण्याची एक रीतच पडली. ती शंका खोटी नाही. पण फोटो निघून गेल्यावर वर्गात ज्या मुली उरतात, त्या आपल्याच आहेत.

दिवसभर राबणारीला व्यायाम कशाला?

माझ्या डोळ्यांसमोर कुरुंदा आहे. हिंगोली जिल्ह्यातले, वसमत तालुक्यातले हे मोठे गाव. टोकाईच्या गडाच्या परिसरातले. हळद, सोयाबीन, कापूस, ऊस अशी शेती. जुलै २०२२ मध्ये गावात पुराचे पाणी शिरले, घरेच्या घरे पाण्यात गेली. पाणी उतरल्यावर चिखल उपसायला, धान्य वाळवायला, भांडी घासायला कोणाच्या कंबरा वाकल्या असतील हे आपल्याला वेगळे सांगायला नको. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचे नाव झाले. ज्या हातांनी ती मातीतून वेचली त्या हातांचे नाव कुठल्या मानांकनात येत नसते.

अशा भागातल्या मुलींसमोर योगाचा विषय काढला की पहिले उत्तर ठरलेले येते. “दिवसभर खुरपून खुरपून कंबर मोडती, अन् वरून कॉलेजात हातपाय हलवायचे?” आई म्हणते, “आमची पोरगी काय बसून खाती का, तिला कशाला व्यायाम?” हे उत्तर हसून सोडून देण्यासारखे नाही. त्यात एक खरी गोष्ट आहे: व्यायाम हा ज्यांना कष्ट करावे लागत नाहीत त्यांचा शौक आहे, असा कष्टकरी बाईचा अनुभव आहे.

पण काम आणि व्यायाम यांत फरक आहे, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. खुरपणीला बाई उकिडवी बसते, मान खाली, पाठ गोल, उजवा हात पुढे. अशी ती तासन्‌तास सरकत राहते. कापूस वेचताना वाकते आणि ओटा पोटावर ओढत राहतो. हळद काढणीला पौष-माघापासून पुढे तिला जमिनीवर बसून गड्डे आणि हळकुंडे वेगळी करायची असतात. पाण्याचे हंडे डोक्यावर, नाहीतर एका कमरेवर. यात शरीराचे काही भाग अतोनात राबतात आणि काही भाग कधी हलतच नाहीत. पाठ सतत पुढे वाकते, मागे कधीच जात नाही. छाती आत ओढली जाते, उघडत नाही. एक बाजू ओझे उचलते, दुसरी तिला सावरत राहते. वीस वर्षांत शरीर त्या कामाच्या आकाराचे होते. गावातल्या पन्नाशीच्या बाया चालताना पाहा, कोणते काम केले ते त्यांच्या पाठीवरून सांगता येईल.

दुसरा फरक याहून मोठा आहे. कामाची गती बाई ठरवत नाही. ओळ संपेपर्यंत थांबता येत नाही, मुकादम पाहतो, शेजारीण पुढे जाते, रोज कापला जातो. दुखले तरी दात धरून ओढायचे. व्यायामात, तो नीट शिकवला तर, पहिला नियमच असा की दुखले तर थांबायचे. श्वास अडकला तर मागे यायचे. आपल्या मुलींना आयुष्यात बहुधा पहिल्यांदा कोणीतरी सांगत असते की तुझ्या शरीराचे म्हणणे ऐक.

आणि घरकाम? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात असे दिसले. पुरुष घालवतात ८८ मिनिटे. म्हणजे तिचे पावणेपाच तास, त्याचा दीड तास. शेतातले काम वेगळेच. कॉलेजला जाणारी मुलगीही त्या पावणेपाच तासांतून सुटत नाही. सकाळी पाणी आणि भाकरी, मग बस, मग वर्ग, परत आल्यावर भांडी. तिला अंग हलवण्याची कमी नाही. कमी आहे ती अंग मोकळे करण्याची, आणि नुसते पडून श्वास घेण्याची.

वर्गात नेमके काय शिकतात

नव्याने शिकणाऱ्यांचा योगाचा वर्ग म्हणजे काही अवघड कसरती नव्हेत. डोक्यावर उभे राहणे पहिल्या वर्षी नकोच. ताडासनात दोन्ही पायांवर सारखे वजन घेऊन उभे राहणे, मार्जरासनात पाठ वर-खाली करणे, भुजंगासनात पोटावर पडून छाती उचलणे, शवासनात पडून राहणे. एवढ्यावर एक सत्र सहज जाते. ऐकायला सोपे वाटते. पण ज्या मुलीला दहाव्या वर्षापासून “नीट बस, ओढणी सावर, छाती काढून चालू नको, जोरात हसू नको” हेच शिकवले, तिला भिंतीला पाठ लावून खांदे मागे घेऊन ताठ उभे राहायला सांगा. तिचे खांदे मागे जात नाहीत. त्यात स्नायूंचा दोष थोडा आहे आणि लाजेचा जास्त. भुजंगासनात छाती वर उचलताना मुली आधी दाराकडे पाहतात, कोणी बघते आहे का म्हणून. शवासनात डोळे मिटायला त्यांना भीती वाटते. चार लोकांत डोळे मिटून पडण्याइतकी सुरक्षितता त्यांना कधी मिळालेली नसते.

आता पिलाटीस. हा शब्द मोठ्या शहरांतून येतो. नट्यांच्या मुलाखतींत येतो, महागड्या यंत्रांच्या चित्रांत येतो. त्यामुळे कुरुंद्यात पिलाटीस म्हटले की हसूच येईल. पण त्याचा इतिहास पाहिला तर हसू थांबते. जोसेफ पिलाटीस हा जर्मन माणूस १८८३ साली जन्मला, लहानपणी आजारी आणि अशक्त होता. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता म्हणून शत्रू देशाचा नागरिक ठरला आणि आयल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत नजरकैदेत पडला. तिथे कैद्यांबरोबर जमिनीवरचे व्यायाम करता करता त्याची पद्धत तयार होत गेली. १९२६ च्या सुमारास तो न्यू यॉर्कला गेला, तिथे क्लारा ही त्याची जोडीदार आणि तो मिळून शिकवू लागले. आपल्या पद्धतीला तो ‘कंट्रोलॉजी’ म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र म्हणे. १९४५ च्या त्याच्या पुस्तकात जमिनीवर करायचे ३४ व्यायाम आहेत, त्यांना यंत्र लागत नाही. नाचताना दुखापत झालेल्या कितीतरी नर्तकी त्याच्याकडे येत, आणि त्याच्या पश्चात ही पद्धत जगभर नेणाऱ्यांत कॅथी ग्रँटसारख्या कृष्णवर्णीय नर्तकीही होत्या. २००० साली अमेरिकेतल्या न्यायालयाने ‘पिलाटीस’ हे नाव कोणा एकाच्या मालकीचे नाही, ते व्यायामप्रकाराचे सर्वसाधारण नाव आहे, असा निकाल दिला. म्हणजे ते कोणीही शिकावे, कोणीही शिकवावे.

योगायोग असा की लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, हेही १८८३ चेच. एकजण योगाची आसने प्रयोगशाळेत तपासून पाहात होता, ‘योगमीमांसा’ नावाचे नियतकालिक काढून निष्कर्ष छापत होता. दुसरा कैद्यांच्या बराकीत पाठीचा कणा आणि पोटाचे स्नायू यांचा विचार करत होता. दोघांनाही एकच प्रश्न पडलेला: यंत्रयुगातल्या माणसाने स्वतःचे शरीर परत ताब्यात कसे घ्यायचे? तो प्रश्न बाईला लावला की त्याची धार कितीतरी वाढते. कारण तिच्या शरीराचा ताबा यंत्राने घेण्याच्या किती आधीपासून दुसऱ्यांकडे आहे.

दोन्ही पद्धतींत फरक आहे तो असा. योगात एका स्थितीत जाऊन थांबायचे, तिथे श्वास पाहायचा. पिलाटीसमध्ये फारसे थांबत नाहीत, हालचाल सलग चालते. नाकाने श्वास घ्यायचा, बरगड्या बाजूला फुगू द्यायच्या, आणि तोंडाने सोडताना ओटीपोट हळूच आत घेऊन हालचाल करायची. सगळा भर कण्यावर, पोटाच्या आतल्या थरावर आणि ओटीच्या तळाच्या स्नायूंवर. गुडघे वाकवून पाठीवर पडायचे आणि कंबर मणक्यागणिक वर उचलायची, तशीच मणक्यागणिक खाली ठेवायची, हा साधा प्रकार. कंबरदुखीवाल्या बाईला तो भलत्या आसनापेक्षा सोपा जातो. यासाठी एक सतरंजी, फार तर घडी घातलेली गोधडी पुरते. महाविद्यालयाच्या योगाच्या तासात असे चार प्रकार घालायला कोणाची हरकत असू नये. नाव परके आहे म्हणून ते सोडू नये, आणि परके आहे म्हणून डोक्यावरही घेऊ नये.

सुदृढ माता, सडपातळ वधू

बाईने व्यायाम करावा असे म्हणणारे पुरुष आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहेत. सांताक्रूझच्या योग संस्थेची स्थापना १९१८ ची. त्या परंपरेतल्या सीतादेवी योगेंद्र यांचे स्त्रियांच्या योगाभ्यासावरचे इंग्रजी पुस्तक १९३४ मध्ये आले, एका बाईने बाईसाठी लिहिलेले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार आपल्या संस्थानातल्या शाळांतून केला. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले. त्याआधी गुरूंबरोबरच्या दौऱ्यात बायकांना शिकवायची वेळ आली तेव्हा ते काम त्यांच्याकडे आले, कारण ते सगळ्यांत लहान होते आणि मोठ्या पुरुषांपुढे बायकांना संकोच वाटत होता. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी पुढे पाळी, गरोदरपण, बाळंतपण, पाळी जाण्याचा काळ यांचा विचार करून स्त्रियांचा अभ्यासक्रम बांधला. त्यांचे पुस्तक इंग्रजीत १९८३ मध्ये आले. हे काम मोलाचे आहे, ते आपण मानले पाहिजे.

पण त्या काळात एकंदरीनेच बाईच्या व्यायामामागे जी कारणे दिली जात ती आठवा. ती निरोगी हवी, कारण तिची मुले निरोगी हवीत. ती बळकट हवी, कारण राष्ट्राला बळकट पिढी हवी. तिचे आरोग्य नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी कामी यायचे असते. आज भाषा बदलली. आता ती बारीक हवी. “योगाला जा, लग्नाआधी जरा पोट कमी होईल” हे वाक्य खेड्यातही ऐकू येते. काल राष्ट्रासाठी, आज स्थळासाठी. ज्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या शंभरांतल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने सांगितले, तिथे मुलींना वजन कमी करायला सांगणे हा क्रूरपणा आहे. अशा वर्गात दहाजणींतल्या पाचजणी उपाशीपोटी आलेल्या असू शकतात. एकदम उठल्यावर ज्या मुलीला घेरी येते तिला आधी लोहाची गोळी आणि पोटभर जेवण हवे, आसन त्यानंतर.

म्हणून आपली मागणी सरळ असावी. मुलीने व्यायाम शिकावा तो तिच्यासाठी. तिला बरे वाटावे, झोप लागावी, पाठ दुखू नये, बसमधून उतरून चार पावले ताठ चालता यावे म्हणून. याहून मोठे कारण शोधण्याची गरज नाही.

अडचणीचे प्रश्न

काही प्रश्न अवघड आहेत आणि ते बाजूला सारून चालणार नाही.

पहिला धर्माचा. कुरुंद्यासारख्या गावातल्या वर्गात मराठा, बौद्ध, मुस्लिम, हटकर, मातंग, वंजारी सगळ्या घरांतल्या मुली एकत्र बसू शकतात. प्रार्थना, ओंकार, सूर्याला नमस्कार यांची सक्ती केली की त्यांतल्या काही मुली गप्प होतात आणि काही यायच्या थांबतात. बाबासाहेबांनी ज्यांना त्या कर्मकांडातून बाहेर काढले त्यांच्या नातींना श्रेयांकासाठी परत त्यात ओढायचे काय? श्वासाला धर्म नाही, मणक्यालाही नाही. ज्यांना मंत्र म्हणायचा त्यांनी म्हणावा, पण तो परीक्षेत नसावा. मराठवाड्याने विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे आणि माणसांचे प्राण मोजले आहेत. इथल्या वर्गात कोण कोणाच्या शेजारी सतरंजी टाकते, जोडीने करायच्या व्यायामात कोण कोणाचा हात धरते, हे शिक्षकाने डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

दुसरा स्पर्शाचा. या शिक्षणात शिक्षक हात लावून स्थिती सुधारतो. शिकवणारा पुरुष असेल तर मुलगी अंग चोरते, आणि तो हात जागेवरून सरकला तर कोणाला सांगायचे हे तिला ठाऊक नसते. विशाखा खटल्याचा निकाल १९९७ चा, कायदा २०१३ चा, महाविद्यालयांत तक्रार समिती असलीच पाहिजे असा नियम आहे. त्या समितीतल्या बाईचे नाव योगाच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहावे. शक्यतो शिक्षिका असावी. आणि कोणीही असो, “हात लावू का?” असे विचारल्याशिवाय हात लावू नये, आणि “नको” म्हटल्यावर कारण विचारू नये. अठरा वर्षांच्या मुलीला शिक्षकासमोर “नको” म्हणण्याचा सराव व्हावा, एवढे जरी त्या ६० तासांत घडले तरी तो वर्ग सार्थकी लागला असे मी म्हणेन.

तिसरा पाळीचा. पाळीत व्यायाम करायचा नाही असे सांगितले जाते, आणि त्यामागे विटाळाचा विचार हळूच आत येतो. पाळी आलेल्या मुलीला बाहेर बसवणे आणि तिला आवश्यक वाटल्यास आराम करू देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तस्राव जास्त असेल, पोटात कळ येत असेल तर पाठीवर पडून गुडघे जवळ घ्यावेत, उलटी आसने टाळावीत. बरे वाटत असेल तर नेहमीचे करावे. ठरवावे तिने. हजेरी मात्र तिची लागलीच पाहिजे, आणि शेजारी पाणी असलेले, दार लागणारे संडास असले पाहिजे. ते नसेल तर बाकीचा अभ्यासक्रम कागदावरच राहतो.

चौथा वेळेचा आणि कपड्यांचा. सकाळी सातचा वर्ग म्हणजे गावातून बसने येणाऱ्या मुलीला चारला उठणे. शेवटी ठेवला तर बस जाते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले हे खरे, पण बस वेळेवर असेल तर तिचा उपयोग. वर्ग दुपारच्या तासांमध्ये हवा. कपडे सैल सलवार-कमीज असले तरी काही अडत नाही. तंग विजार घालायची सक्ती नको, आणि जिला घालायची तिला अडवणारी पंचायतही नको.

योगाने काय होते, काय होत नाही

सगळ्यांत मोठी भीती मला वेगळीच वाटते. बाईच्या प्रत्येक दुखण्यावर “योग करा” हे उत्तर देण्याची सवय लागेल, ही ती भीती. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. त्याचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले: शंभरांतल्या ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. ऊसतोड करणाऱ्या बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये राज्याच्या समितीने पाहिले. ८२ हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरे जाणे, अंग बाहेर येणे, खोकताना लघवी सुटणे, या तक्रारी आपल्या प्रत्येक आरोग्य शिबिरात येतात, त्याही सगळे उठून गेल्यावर, दाराशी उभे राहून, हळू आवाजात.

यातल्या काही गोष्टींना व्यायामाचा खरोखर उपयोग आहे. ओटीच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरने १९४८ मध्ये मांडला. योगातला मूलबंध त्याच्या जवळचा, आणि पिलाटीसचा भरही तिथेच. खोकताना लघवी सुटत असेल, अंग थोडेसेच खाली आले असेल तर महिनोन्‌महिने नियमाने केल्यास फरक पडतो. मुलींना हे पहिल्या बाळंतपणाच्या आधी कळले तर फारच चांगले. पण अंग पूर्ण बाहेर आलेल्या बाईने जोरात कपालभाती करू नये, दोन्ही पाय एकदम उचलू नयेत, त्याने त्रास वाढू शकतो. तिला डॉक्टर हवा. पांढरे जाण्यामागे जंतुसंसर्ग असेल तर औषध हवे. रक्त कमी असेल तर अन्न आणि लोह हवे. आणि बाळंतपणानंतर आठव्या दिवशी हंडा उचलावा लागू नये हे तर कुठल्याच आसनात बसत नाही. ते घरातल्यांनी आणि सरकारने करायचे आहे.

मनाचेही तसेच. “श्वासाकडे लक्ष द्या, मन शांत ठेवा, राग सोडा.” जिला रात्री मार बसला तिला सकाळी राग सोडायला सांगणारा वर्ग आपल्याला नको. तिचा राग जागेवर आहे. तिला शांतता हवी असेल तर ती झोप लागण्यासाठी आणि पुढचे पाऊल विचार करून उचलण्यासाठी. योग शिकवणाऱ्यांनी सहनशीलता शिकवायला सुरुवात केली की आपण उठून बोलले पाहिजे. ते शिक्षण आपल्या मुलींना पाळण्यापासून मिळालेले असते.

मग तरीही मी या तासाच्या बाजूने का? कारण शरीराकडे लक्ष द्यायला शिकलेली मुलगी दुखणे लपवत नाही. “इथे दुखते, एवढ्यापासून एवढे, सकाळी जास्त” असे नेमके सांगणारी बाई डॉक्टरपुढेही गप्प बसत नाही. लगेच पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर ती “का?” असे विचारू शकते. हे आपोआप होत नाही. आसनाबरोबर बोलणेही झाले तरच होते. बोस्टनच्या बायकांनी १९६९ मध्ये अशाच एका कार्यशाळेतून सुरुवात करून स्वतःच्या शरीराविषयीचे पुस्तक तयार केले. राजस्थानातल्या ७५ खेडूत बायकांनी ‘शरीर की जानकारी’ घडवले. दोन्हीकडे बायका गोल बसल्या आणि आपल्या अंगाविषयी बोलल्या. महाविद्यालयातला योगाचा तास हे तसे गोल बसण्याचे निमित्त होऊ शकते. शेवटची दहा मिनिटे त्यासाठी राखून ठेवली की झाले.

आपण काय करायचे

तेव्हा, मैत्रिणींनो, आपापल्या भागातल्या महाविद्यालयात जा. योगाचा तास कागदावर आहे की खोलीत, ते पाहा. शिक्षिका आहे का, संडास आहे का, तक्रार समितीचे नाव मुलींना माहीत आहे का, मंत्राची सक्ती आहे का, हे विचारा. सत्राच्या सुरुवातीला मुलींचे रक्त तपासून घ्या म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे मागणी करा. आपल्यातली जी आरोग्याचे काम करते तिने एक तास मागून घ्यावा, ओटीपोटाचे चित्र फळ्यावर काढून दाखवावे.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. हा तास मुलींपाशी थांबू देऊ नका. मुलगी जे शिकते ते आईला लागते, आईची कंबर आधी गेलेली असते. बचत गटाची बैठक संपल्यावर पंधरा मिनिटे सतरंजीवर पडायला काय हरकत आहे? शिकवायला कॉलेजातलीच पोरगी असू द्या. हळद काढणीच्या दिवसांत, पाठी भरून आलेल्या असताना, बायांनी संध्याकाळी गुडघे जवळ घेऊन पडावे आणि पोरीने सांगावे, “माय, श्वास सोड, घाई नको करू.” लेकीच्या तोंडून विश्रांतीची परवानगी ऐकताना आईला अवघडल्यासारखे होईल. होऊ द्या. पुढच्या आठवड्यात ती आपण होऊन सतरंजी आणेल.

खर्च नाही, यंत्र नाही, कोणाची मंजुरी लागत नाही. लागतो तो एक तास. तो घरातल्या कामांतून काढायचा आहे, म्हणजे ते काम त्या वेळेपुरते दुसऱ्या कोणीतरी करायचे आहे. खरे भांडण तिथे होईल, आणि ते भांडण्यासारखे आहे. आपल्या गावात असे काही सुरू झाले, किंवा करू पाहिले आणि अडले, तर आम्हाला लिहून कळवा. अडले असेल तर ते आधी कळवा.